शमीमबाई आणि अर्धशिशीचे अकरा आरोपी

आमच्या आरोग्य केंद्रात येणारा माणूस आजार घेऊन येत नसे, निदान घेऊन येई. "मले मलेरिया झाला, सुई द्या," म्हणत तो सरळ माझ्या औषधाच्या खिडकीशी उभा राही. मी तिथला फार्मासिस्ट. लोकांच्या लेखी अर्धा डॉक्टर आणि माझ्या स्वतःच्या लेखी पाऊण. मी गोळ्यांच्या डब्याला हात घालतो न घालतो तोच शेजारच्या खोलीतून आवाज यायचा, "कोन म्हनते मलेरिया? तुमी म्हनता का तुमचं रक्त म्हनते? या इकडं, बोट द्या."

तो आवाज शमीमबाईंचा. धानोऱ्याच्या पुढे, जंगलात बऱ्यापैकी आत असलेल्या त्या केंद्रात त्या लॅब टेक्निशियन होत्या. नव्वद सालानंतरची ती वर्षं. वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच न सांगता जायची, म्हणून बाईंचं टेबल खिडकीला लावलेलं. मायक्रोस्कोपखालचा आरसा उन्हाकडे वळवून त्या दिवसभर तापाच्या रोग्यांच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधत. उंच, सडसडीत बाई; सलवार-कमीजवर पांढरा कोट आणि स्लाइड रंगवून रंगवून कायमची जांभळी झालेली बोटं. गडचिरोलीत त्यांच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं, पण बाईंचा उजवा हात कायम रिकामा. बांगडी मायक्रोस्कोपला लागते, खण्ण वाजतं आणि मोजणी चुकते, हे त्यांचं कारण. एका स्लाइडचे शंभर भाग पाहायचे असा नियम होता. बाकीचे पन्नास-साठवर उठत. बाई तसबीचे मणी ओढावेत तशा ओठ हलवत शंभर मोजत आणि अधूनमधून त्या जंतूशी बोलत, "निघ ना रे बाबा. कुठी लपून राह्यला?"

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं, "निगेटिव्ह पन लिहा." झालं असं की एका महिन्याच्या यादीत मी नुसते मलेरिया निघालेले रोगी लिहिले. उरलेल्यांना काही निघालंच नव्हतं, मग कशाला कागद काळे करायचे? बाईंनी यादी वाचली आणि माझ्या खिडकीत परत ठेवली. "ज्याइले ताप होता अन् मलेरिया निंघाला नाई, ते लोकं कुठी गेले? मारून टाकले का भाऊ तुमी?" मी गप यादी पुन्हा लिहायला बसलो. सगळ्यांच्या देखत झालं होतं, म्हणून राग आला होता. बाईंचं बरोबर होतं, म्हणून तो जास्तच आला होता.

अशा या बाईंना अर्धशिशी होती.

महिन्यातून दोनदा, कधी तीनदा उठायची. आधी डोळ्यासमोर विळ्याच्या दातांसारखी चमकती रेघ यायची, मग डावं अर्धं डोकं ठणकायला लागायचं. बाई ओढणी कपाळाभोवती करकचून बांधून स्टोअरच्या खोलीत दार लावून पडून राहत. उलट्या होत. पायांचा आवाजही सोसत नसे. आमचा शिपाई लालसूभाऊ, तसा भारदस्त चालीचा गोंड माणूस, पण त्या दिवशी व्हरांड्यात चपला हातात घेऊन फिरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई धुतल्यासारख्या स्वच्छ चेहऱ्याने टेबलाशी बसलेल्या.

आता कुणाचं डोकं दुखलं की आपल्याकडे औषध कुणी देत नाही, कारण देतात. नर्स कुंदाबाईंच्या मते हा वांग्याचा प्रताप होता. लालसूभाऊ मोहाच्या फुलांच्या वासाला दोष देई, हे विशेष, कारण मोह वाळवणारा तोच. एका रोग्याच्या आजीने डोक्यावरून न्हाणं बंद करायला सांगितलं. कुणी आंबील म्हणालं, कुणी अत्तर, कुणी पूर्वेचा वारा. मी उपाशीपोटीच्या चहाला दोषी धरलं होतं आणि माझं मत शास्त्रीय आहे असं मी आवर्जून सांगत असे. कारण काय, तर दोन वेळा बाईंनी सकाळी चहा घेतला आणि दुपारी आडव्या पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाईंनी सगळ्यांचं ऐकलं. शहाण्या माणसाचंही दुखलं की तो कुणाचंही ऐकतो. चहा सुटला, वांगं सुटलं, आंबील सुटली. ईदला भावाने दिलेली अत्तराची कुपी बंदच राहिली. उन्हात जावं लागतं म्हणून गावातल्या लग्नांना जाणं थांबलं. मोहाच्या दिवसांत लालसूभाऊने केंद्राच्या मागे वाळत घातलेला मोह उचलून दूर नेला, तो बाईंसाठीच. त्याची बायको टोपली डोक्यावर घेऊन मुकाट दोन फेऱ्या जास्त मारू लागली. बाईंच्या डब्यात शेवटी भात आणि वरण एवढंच उरलं. आणि डोकं? ते आपलं ठरल्याप्रमाणे महिन्यातून दोनदा, कधी तीनदा.

अशात नवे डॉक्टरसाहेब आले. तरुण, पुण्याकडचे, मनाने चांगले आणि सगळ्याची घाई असलेले. आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी बाईंना आडवं पडलेलं पाहिलं. दिवसभर मायक्रोस्कोपच्या उजेडात एक डोळा मिटून बसणाऱ्या बाईचं डोकं कशाने दुखत असेल, हे सांगायला त्यांना दुसरी खूण लागली नाही. त्यांनी जिल्ह्याला पाठवायचं पत्र तयार केलं, की यांच्या प्रकृतीला सूक्ष्मदर्शकाचं काम मानवत नाही, तरी यांना कागदपत्रांच्या कामावर घ्यावं.

त्याच आठवड्यात बाईंचे भाऊ युसूफभाई आले. वडिलांच्या मागे याच माणसाने बांगड्या विकून बहिणीला शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. डॉक्टरांनी पत्र दाखवलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. बहिणीला म्हणाले, "मैं तो कब से बोल रहा हूँ, शमीम. उस मशीन में आँख डाल-डाल के सर फोड़ लेगी. बस हो गया अब." त्यांना मराठी समजे, पण बोलायला ते हिंदीच घेत.

बाई उभ्या होत्या. चेहरा पडला होता. स्लाइड वाचण्यात त्यांच्या तोडीचं त्या भागात कुणी नव्हतं, हे जिल्ह्यालाही माहीत होतं. ते काम गेलं असतं तर त्या हजेरीपटावर राहिल्या असत्या एवढंच.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमी मायक्रोस्कोपवर निदान केलं. पन स्लाइड कुठी हाय?"

"म्हणजे?"

"डोकं दुखलं त्या दिवशी मी मायक्रोस्कोपवर बसली होती, हे तुमी पाह्यलं. मायक्रोस्कोपवर बसली अन् डोकं नाई दुखलं, असे किती दिवस झाले? ते कोनं लिवले?"

डॉक्टरांनी हातातलं पत्र पुन्हा वाचलं. मी मात्र खिडकीआड चांगलाच ओशाळलो. आम्ही सगळे दिवसभर निगेटिव्ह लिहिणारे लोक! रोज जंगलातला माणूस ताप म्हणजे मलेरियाच म्हणतो म्हणून त्याला हसायचो. आणि बाईंच्या डोक्याच्या बाबतीत आम्ही एकूण एक जण त्याच्यासारखेच निघालो. चहा घेऊन दुखलं ते माझ्या लक्षात राहिलं होतं. चहा घेऊन दिवसभर काही झालं नाही, असे महिनेच्या महिने मी कुठे टाकले होते कुणास ठाऊक. खरं सांगायचं तर बाईंनाही हे त्या दिवशीच उमगलं असावं, कारण वरणभात त्याही खातच होत्या की.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. त्यांनी पत्र खणात टाकलं. "पाऊस लागेपर्यंत वेळ देतो," ते म्हणाले. "पण नीट समजून घ्या. पावसात इथे तापाची रांग लागते. तेव्हा ऐन गर्दीत आडवा पडणारा टेक्निशियन मला चालणार नाही."

"चालते," बाई म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या केंद्रात खटला उभा राहिला. आरोपी अकरा. मोहाचा वास, ऊन, वांगं, आंबील, चहा, अत्तर, न्हाणं, पूर्वेचा वारा, रोजा, जागरण आणि अकरावा मायक्रोस्कोप. बाईंनी आपल्या कामाची शिस्त लावली. आमच्या स्लाइड जिल्ह्याला फेरतपासणीला जात, तेव्हा तपासणाऱ्याला आधी काय लिहिलंय ते दाखवत नसत, म्हणजे तो भिडेला पडत नाही. तसंच इथे. दिवसभरात कोणकोणते आरोपी हजर होते ते मी माझ्या कागदावर लिहायचं. डोकं दुखलं की नाही ते बाईंनी त्यांच्या कागदावर लिहायचं. दोन्ही कागद पाऊस लागेपर्यंत एकमेकांना दाखवायचे नाहीत.

शिवाय काय खायचं-प्यायचं ते बाईंनी स्वतः ठरवायचं नाही. बरं वाटतंय म्हणून वांगं खाल्लं, तर वांग्याला फुकटचं चांगलं नाव मिळेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जे आपल्या हातात होतं त्याच्या चिठ्ठ्या स्लाइडच्या रिकाम्या डब्यात टाकल्या; वारा, मोह, रोजा, जागरण आले की नुसते लिहायचे. रोज सकाळी लालसूभाऊने डोळे मिटून दोन काढायच्या. निघेल ते करायचं, बाकीचं टाळायचं. मायक्रोस्कोपच्या चिठ्ठ्या वेगळ्या, हो आणि नाही अशा. नाही निघाली तर त्या दिवशी बाई स्लाइड रंगवून ठेवत आणि पाहायच्या दुसऱ्या दिवशी. उन्हाळ्याच्या तोंडाला रोगी थोडे, म्हणून डॉक्टरांनी ते चालवून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात वांगं तीनदा निघालं. कुंदाबाई घरून भाजी करून आणत आणि बाई घास घेत तेव्हा सगळं केंद्र त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. डॉक्टरसुद्धा काहीतरी विचारायच्या निमित्ताने येऊन जात.

"असे का पाहून राह्यले?" बाई म्हणाल्या. "जहर खाल्लं का मी?"

"खा बाई, खा," कुंदाबाई म्हणाल्या. "उद्या कळनच."

उद्या काही कळलं नाही. परवाही नाही. कुंदाबाईंचा हिरमोड झालेला स्पष्ट दिसत होता. वांग्याने दगा दिला म्हणून त्या बिचाऱ्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. अत्तराची चिठ्ठी निघाली तेव्हा बाईंनी चांगलं मनगटभर लावलं. रांगेतला एक म्हातारा हुंगत म्हणाला, "कोनाचं लगन हाय जी?" त्या दिवशीही डोकं शाबूत.

आणि मग एक दिवस असा आला की चहाची चिठ्ठी नव्हती, आंबिलीची नव्हती, मायक्रोस्कोपचीही नव्हती. निघाल्या होत्या न्हाणं आणि ऊन, आणि त्या दिवशी तर ढग होते. भातवरण खाऊन बाई निवांत लेबलं लिहीत बसल्या होत्या. दुपारी अर्धशिशी उठली, ती वर्षातली सगळ्यात वाईट. कुंदाबाई स्टोअरच्या दाराशी हताश होऊन उभ्या. "अवो, आज तं काईच खाल्लं नाई तुमी!"

ओढणीखालून बारीक आवाज आला, "भाऊले सांगा, तसंच लिवा म्हना. काईच खाल्लं नाई, तरी दुखलं. तेच लिवाचं हाय."

उलटी करता करता ही बाई खूश होती! मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

रमजान फाल्गुनात आला. युसूफभाईंचा निरोप आला की यंदा रोजे धरू नकोस, माफ असतं आजारी माणसाला. बाईंनी कळवलं, आजारी आहे की नाही तेच तर तपासून राह्यली. सगळे रोजे धरले; चिठ्ठीतलं खाणंपिणं संध्याकाळी रोजा सोडल्यावर. पहिल्या दोन दिवशी डोकं दुखलं. पुढे महिनाभर अधेमधे एकदा. त्यावर त्यांचा निकाल असा होता, "पह्यल्या दोन रोज्याइवर शक हाय. बाकीच्याइले काऊन बदनाम करू?" एवढा न्यायी माणूस मी पुढे कोर्टातही पाहिला नाही.

चैत्र आला, मोह गळायला लागला. पहाटे सगळं जंगल गोड घमघमतं. गावातली बायामाणसं टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेली. या वेळी बाईंनीच लालसूभाऊला सांगून मोह पुन्हा केंद्राच्या मागे, त्यांच्या खिडकीसमोर वाळत घालायला लावला. आठ दिवस तो ढीग तिथे पडून होता आणि चिठ्ठी निघेल त्या दिवशी बाई त्याच्यासमोर बसून शंभर शंभर मोजत होत्या. नवव्या दिवशी दुपारी त्या एकदम उठल्या, नाकाला ओढणी लावली आणि ओरडल्या, "लालसूभाऊ! मोह अजून कुठून आनला? किती वास मारून राह्यला!"

लालसूभाऊ धावत आला. "नाई जी. तोच हाय. आठ दिवसाचा. आता तं सुकला पन."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मोहाकडे बघितलं. मग त्यांना जांभई आली, मग दुसरी, मग तिसरी. मी दारात उभा राहून पाहत होतो. या बाईला भर दुपारी जांभया देताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ," त्या मला हळूच म्हणाल्या, "उद्या माह्यं डोकं दुखनार हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुखलं.

तिसऱ्या दिवशी, चेहरा धुऊन टेबलाशी बसल्या बसल्या, त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरांनाही. "आठ दिवस मोह होता, मले वास आला नाई. नवव्या दिवशी आला. मोह तर तोच होता. मंग बदललं का? मी बदलली. हल्ला आधीच सुरू झाला होता, फक्त दुखनं मांगून आलं. वास, जांभया, उजेड खुपते, ते त्याच्या अगोदर येते. आपन म्हनतो वासानं दुखलं. अवो, दुखनं घरात शिरलं म्हनून कुत्रं भुंकते. आपन एवढे वर्षं त्या कुत्र्यालेच काठी मारून राह्यलो."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले.  "कॉलेजात कुणी तरी सांगितलं होतं असं," ते म्हणाले, "मी तेव्हा लक्ष दिलं नाही."

त्या संध्याकाळी बाई लालसूभाऊच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोजवळ जमिनीवर बसून मोहाच्या फुलांतला काडीकचरा निवडू लागल्या. "मांगच्या साली तुले उगाच लांब न्याले लावलं," त्या म्हणाल्या. ती बाई मराठी थोडंच बोलायची. ती हसली आणि बाईंच्या पुढ्यात आणखी एक टोपली सरकवली.

पण खरी कमाई पुढे होती. हल्ला आदल्या दिवशी ओळखता येतो हे एकदा कळल्यावर बाईंनी त्याला कामाला जुंपलं. जांभया सुरू झाल्या, गूळ खावासा वाटला, रोजचा उजेड डोळ्यांत खुपायला लागला की त्या माझ्या खिडकीशी येत. "गोळी द्या भाऊ. पाहुना निंघाला." मी गोळी देई. मग उरलेल्या स्लाइड त्या त्याच दिवशी बसून संपवत. दुसऱ्या दिवशी दुखायचं, पण कितीदा तरी निम्म्याने. आणि टेबल रिकामं असायचं.

जेठ संपत आला. तेंदूपानाचा हंगाम उरकला, आभाळ भरून यायला लागलं. एका सकाळी डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. युसूफभाईही आले होते, बहिणीचं सामान न्यायचंच आहे असं धरून. त्यांनी एक रिकामी गोणी आणि दोर आणला होता. मी माझा कागद घेतला, बाईंनी त्यांचा. 

डॉक्टर एकेक आरोपी पुकारत गेले. मी दिवस वाचायचे, बाईंनी दुखलं की नाही सांगायचं. वांगं, निर्दोष. कुंदाबाईंनी मान खाली घातली. आंबील, निर्दोष. अत्तर, न्हाणं, पूर्वेचा वारा, ऊन, सगळे सुटले. चहा आला तेव्हा मी घसा खाकरला. चहाचे दिवस आणि दुखण्याचे दिवस यांचा काही म्हणता काही संबंध नव्हता. "भाऊ," बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "तुमचं मत शास्त्रीय होतं ना?" डॉक्टर हसले, युसूफभाईसुद्धा हसले. मी काय करणार, मीही हसलो. मोह तर आधीच सुटला होता. रोज्यांचे पहिले दोन दिवस संशयित राहिले. जागरण मात्र पक्कं सापडलं. ज्या दिवसांआधी झोप मोडली होती, त्यातले बरेच दिवस बाईंच्या कागदावर खुणेचे होते. आणखी एक बारावा रकाना कुंदाबाईंनी वेगळ्या कागदावर ठेवला होता. तो बायकांचा होता. तो त्यांनी डॉक्टरांना कानात सांगितला आणि डॉक्टरांनी मान डोलावली, की हो, यात तथ्य आहे.

"आता शेवटचं," डॉक्टर म्हणाले. "मायक्रोस्कोप."

 मी बसलेले दिवस वाचले. मग न बसलेले वाचले. बाईंनी आपल्या कागदावर बोट ठेवत ठेवत उत्तरं दिली. डॉक्टरांनी दोन्हीकडच्या खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मायक्रोस्कोपच्या दिवसांत जितकं दुखलं, तितकंच मायक्रोस्कोप नसलेल्या दिवसांत. उलट एकदा जास्त.

"नसताना जास्त," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

"मंग तं मले मायक्रोस्कोपवरून उठवूच नका साहेब," बाई म्हणाल्या, आणि मोकळ्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

युसूफभाई पुढे झुकले. "मतलब मशीन का कसूर नहीं?"

"नहीं भाईजान."

"तो फिर किसका?"

"किसी का नहीं. मेरा सर ऐसा ही है. अम्मी का भी था ना?"

 युसूफभाईंना बहुधा आई आठवली असावी, डोक्याला फडकं बांधून पडलेली. मग त्यांनी तो दोर हळूहळू गुंडाळला आणि गोणीत कोंबून ठेवला. डॉक्टरांनी खणातलं पत्र काढलं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं.

"फाडू नका साहेब," बाई म्हणाल्या. "मांगून कोरं हाय. पावसात यादीले कागद पुरत नाई."

त्या पावसाळ्यात तापाची रांग लागली, दर वर्षी लागते तशीच. बाई चार वेळा आडव्या पडल्या. चारही वेळा टेबल रिकामं करून. डॉक्टरांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

ही हकिगत पसरायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या गावांतले डोकेदुखीवाले बाईंकडे यायला लागले. एक ग्रामसेवक आला, छाती काढून म्हणाला, "बाई, तुमचं ऐकून मी पन सगळं खाऊन राह्यलो. काईच धरू नाई, असंच ना?" बाईंनी त्याला बसवलं. "असं नाई जी. माह्या रक्ताची स्लाइड तुमच्या नावानं कशी लावू? तुमच्या डोक्याचं तुमाले पाहा लागते." आणि त्याला कागद आखून दिला. तो महिन्याभराने परत आला. त्याचं डोकं म्हणे उन्हानेच दुखत होतं, चांगलं सिद्ध झालं होतं. बाईंना त्याचाही आनंद झाला. माणूस जिंकला की हरला यात त्यांना रस नव्हता, त्याने दोन्ही बाजू लिहिल्या की त्या खूश.

त्यांच्या डब्यात पुन्हा सगळं आलं. चहा तर त्या माझ्या समोर बसून, माझ्याकडे बघत, उपाशीपोटी घ्यायच्या. लग्नांना जायला लागल्या. मार्कंड्याच्या जत्रेत आमचा तपासणीचा तंबू असे, तिथे दिवसभर भोंगे, धूळ, धूप आणि भज्यांच्या घाण्यात बसून त्यांनी स्लाइड पाहिल्या आणि संध्याकाळी बायकांबरोबर आकाशपाळण्यात बसल्या. पाळण्यावर त्या केवढ्याने ओरडत होत्या! मला वाटतं, त्या वर्षांमध्ये त्यांनी किती सोडून दिलं होतं ते मला त्या ओरडण्यातून कळलं.

काही वर्षांनी भामरागडकडची एक जागा रिकामी झाली. नदीपलीकडची गावं, पावसाळ्यात वाट बंद. तापाच्या रोग्याचं रक्त घेतलं तरी ते तपासायला अलीकडे आणेपर्यंत रोगी बरा झालेला असे किंवा गेलेला. तिथे जायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी अर्ज केला. ज्या बाईला, प्रकृतीला काम मानवत नाही म्हणून, कागदपत्रांपाशी बसवायचं चाललं होतं, तिने जिल्ह्यातली सगळ्यात अवघड जागा मागून घेतली. अर्ज वाचून वरच्या साहेबांनी म्हणे दोनदा विचारलं, की चुकून तर लिहिलं नाही ना.

सोडायला मी गेलो होतो. औषधांचा साठा पोहोचवायचा होता ते निमित्त. युसूफभाई आले होते. रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलावरून, पाणी होतं, म्हणून डोंगा, झाडाच्या खोडाची होडी. पाऊस नुकता उघडला होता आणि पाण्यावर डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं. बाई डोंग्यात बसल्या, मायक्रोस्कोपची लाकडी पेटी मांडीवर घेतली आणि तिच्याभोवती दोन्ही हात टाकले. नावाड्याने बांबू रोवला. डोंगा काठापासून सुटला.

युसूफभाईंना राहवलं नाही. चिखलात दोन पावलं पुढे जाऊन ते ओरडले, "शमीम! वहाँ सर दुखा तो क्या करेगी?"

बाई वळल्या. वाहत्या पाण्याच्या आवाजावरून त्यांचा आवाज खणखणीत आला. "दुखेगा तो दुखेगा, भाईजान! दूसरे दिन उतर जाता!"

नावाडी हसला. डोंगा मधल्या धारेला लागला, जरा तिरपा झाला, पुन्हा सरळ झाला. आमच्या शेजारी एक म्हातारा माडिया आदिवासी, तापाने फणफणलेला नातू खांद्यावर घेऊन, डोंगा परत यायची वाट बघत उभा होता. पोराला तपासायला म्हणून तो आदल्या दिवशी नदी उतरून आला होता. युसूफभाई त्याच्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना मराठी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"माही बहीन हाय जी ते," ते म्हणाले. "आता तुमाले तापाची तपासनी कराले इकडं याचं काम नाई."